पर्वरी-सुकूरसारख्या शांत भागात चांगले थाई जेवण कसे शोधावे

पणजीहून मांडवीचा पूल ओलांडून पर्वरीत आले आणि महामार्ग सोडून सुकूर, साल्वादोर दु मुंद किंवा पिळर्णच्या दिशेने वळले, की दहा मिनिटांत वस्ती विरळ होते. पुण्या-मुंबईहून किंवा बेळगाव-कोल्हापूरहून येथे नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांना ही शांतता आवडते. मात्र थोडे दिवस गेले, की मासळीची थाळी आणि चायनीज यांपलीकडे जवळपास काही मिळते का, असा प्रश्न त्यांना पडतो. थाई जेवणाची आवड असलेल्यांना तर तो फार लवकर पडतो. मी या भागात बरीच वर्षे राहतो, थाई जेवणावर माझे मनापासून प्रेम आहे, आणि शेजारी आलेल्या प्रत्येक नव्या कुटुंबाला जे तोंडी सांगत आलो, ते येथे नीट क्रमाने लिहीत आहे.

या लेखात रेस्टॉरंटांच्या नावांची यादी नाही, आणि ती मी जाणूनबुजून दिलेली नाही. गोव्यात जागा तीच राहते, पाटीही तीच राहते, पण हंगाम पालटला की आचारी पालटतो, आणि थाई जेवणाचा सगळा जीव आचाऱ्याच्या हातात असतो. गेल्या वर्षी ज्या ठिकाणी तृप्त होऊन उठलो, तेथेच यंदा पहिल्या चमच्याला निराशा झाल्याचा अनुभव मी एकापेक्षा अधिक वेळा घेतला आहे. त्यामुळे ठिकाण पारखायचे कसे, हे एकदा शिकून घेतलेले बरे. मग यादी आपली आपणच तयार होते.

घरबसल्या करायची पहिली चाळणी

गूगल मॅप्सवर किंवा झोमॅटो-स्विगीवर केवळ 'थाई' असा शोध घेतला, तर समोर येणाऱ्या नावांपैकी बहुतेक 'पॅन-एशियन' किंवा 'ओरिएंटल' म्हणवणारी असतात. एकाच मेनूकार्डावर सुशी, मोमो, मांचुरियन आणि ग्रीन करी असेल, तर त्या स्वयंपाकघरात थाई मसाला रोज ताजा वाटला जात असण्याची शक्यता कमी असते. असे ठिकाण लगेच बाद करावे असे नाही. पण ते यादीच्या तळाशी ठेवावे.

घरपोच सेवेच्या ॲपवर आणखी एक गोष्ट अवश्य तपासावी. प्रत्येक रेस्टॉरंटच्या पानावर खाली अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ अंकी परवाना क्रमांक दिलेला असतो. एकच क्रमांक एखाद्या 'थाई' नावाखाली, एखाद्या बिर्याणीच्या नावाखाली आणि एखाद्या मोमोच्या नावाखाली आढळला, तर ती तिन्ही नावे एकाच स्वयंपाकघराची आहेत, हे ओळखावे. तेथे बहुधा बाटलीतली तयार पेस्ट वापरली जाते.

अभिप्राय वाचताना तारांकित गुणांकडे फार लक्ष देऊ नये. पर्यटक सूर्यास्ताला पाच तारे देतात, आणि ते त्यांच्या जागी योग्यच आहे. आपल्याला मात्र जेवण हवे आहे. अभिप्राय नव्याकडून जुन्याकडे असे लावून फक्त मागील तीन-चार महिन्यांचे वाचावेत, आणि त्यांत पदार्थांची नावे घेऊन कोणी लिहिले आहे का ते पाहावे. रेस्टॉरंटने स्वतः टाकलेल्या छायाचित्रांपेक्षा ग्राहकांनी टेबलावर काढलेली छायाचित्रे कितीतरी अधिक सांगतात. ग्रीन करीच्या वाटीत ब्रोकोली, झुकिनी आणि बेबी कॉर्न यांची गर्दी दिसली, की भाज्या चायनीजच्या कपाटातून आल्या आहेत असे समजावे. छोटी वांगी आणि वर तरंगणारी अखंड पाने दिसली, तर पुढे वाचत राहावे.

थायलंडचे वाणिज्य मंत्रालय परदेशांतील रेस्टॉरंटांना 'थाई सिलेक्ट' नावाचे मानचिन्ह देते. ते कोठे दिसले, तर अवश्य विश्वास ठेवावा. परंतु उपनगरातल्या चार टेबलांच्या जागेकडे ते नसले, तर त्यावरून काही ठरवू नये.

अंतर, वाहन आणि हंगाम

पर्वरीहून सांगोल्डा-साळगावमार्गे कळंगुटकडे जाणारा चोगम रस्ता आपल्यासाठी सर्वांत उपयोगाचा आहे. १९८३ सालच्या राष्ट्रकुल परिषदेवरून त्याला हे नाव पडले. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आणि पुढे आसगाव-हणजूणच्या बाजूला जुन्या घरांतून चालणारी लहान रेस्टॉरंटे आहेत. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत, आणि रात्री उशिरा आतल्या गावांत बस मिळत नाही. स्वतःचे वाहन नसेल, तर गोवा माइल्स ॲपवरून परतीची टॅक्सी मिळते का, याची खात्री निघण्यापूर्वीच करून घ्यावी.

किनाऱ्यावरील अनेक जागा पावसाळ्यात, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबर, बंद असतात. उपनगरातील रेस्टॉरंटे स्थानिक रहिवाशांवर चालतात, म्हणून ती बहुधा बारमाही उघडी राहतात, आणि माझ्या मते नवख्याने शोधाला सुरुवात पावसाळ्यातच करावी. गर्दी नसते, आचाऱ्याला बोलायला उसंत असते, आणि पर्यटकांच्या जिभेसाठी तिखट-आंबट कमी करण्याचा दबावही नसतो. एवढेच ध्यानात ठेवावे, की १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत मिळणारी कोळंबी बहुधा गोठवलेली किंवा शेतीची असते. तेव्हा चिकन किंवा मशरूम मागवणे शहाणपणाचे.

जाण्यापूर्वीचा एक फोन

जेवणाच्या ऐन वेळी फोन करू नये. सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे स्वयंपाकघरात तयारी चाललेली असताना करावा. फोन घेणाऱ्याला नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात: करीची पेस्ट तुम्ही स्वतः वाटता की विकत आणता, गलांगल (आल्यासारखा दिसणारा सुगंधी कंद) आज ताजे आहे का, आणि आज रात्री मुख्य आचारी असणार आहेत का. उत्तरातील मजकुराइतकाच त्यातला सूर बोलका असतो. जेथे खरोखर मनापासून काम चालते, तेथील माणूस या प्रश्नांनी खुलतो. एकदा मला पलीकडून उत्तर मिळाले होते, "ग्रीन पेस्ट आम्ही वाटतो, मस्सामान (दुसऱ्या एका थाई करीची पेस्ट) मात्र बाहेरून येते, खोटे सांगत नाही." त्या एका वाक्यावर मी गेलो, आणि पुढे दोन वर्षे जात राहिलो.

आचारी थायलंडचाच असला पाहिजे, हा आग्रह मी कधीच धरत नाही. गोव्यातील अनेक स्वयंपाकघरांत मणिपूर, मिझोराम, नेपाळ येथील तरुण काम करतात. आंबवलेल्या मासळीचा वास, हिरवी ताजी पाने आणि झणझणीत मिरची यांची सवय त्यांतल्या पुष्कळांना घरूनच असते. थाई स्वयंपाकाचा तोल अशा हातांना लवकर सापडतो, असे मी पाहिले आहे.

मेनूकार्ड वाचण्यापुरते थाई शब्द

नावांना घाबरू नये, कारण ती बहुधा पदार्थाचे साधे वर्णनच असतात. 'तोम' म्हणजे उकळलेले, 'पॅड' म्हणजे परतलेले, 'याम' म्हणजे आंबट-तिखट कालवलेले, 'केंग' म्हणजे रस्सा, 'खाओ' म्हणजे भात. 'काय' म्हणजे चिकन, 'कुंग' म्हणजे कोळंबी, 'प्ला' म्हणजे मासा, 'मू' म्हणजे डुकराचे मांस आणि 'नुआ' म्हणजे गोमांस. जे ही मांसे खात नाहीत, त्यांनी शेवटचे दोन शब्द विशेष लक्षात ठेवावेत. यावरून 'तोम खा काय' म्हणजे खा, अर्थात गलांगल, घालून उकळलेले चिकन, हे कोणी न सांगताही कळते. ज्या मेनूकार्डावर थाई नावे लिहून खाली त्यांचा अर्थ दिलेला असतो, ते लिहिणाऱ्याने पदार्थांचा विचार केलेला असतो. मेनू लहान असेल, तर आणखी चांगले.

पहिल्या भेटीत काय मागवावे

पहिल्या वेळी चौघांनी आठ पदार्थ मागवण्याचा मोह टाळावा. दोघांनी जावे आणि तीनच पदार्थ मागवावेत: एक सूप, एक नारळाच्या दुधातला रस्सा आणि एक परतलेला पदार्थ.

सूप म्हणून मी नेहमी तोम खा मागवतो. कोळंबीचे तोम याम अधिक प्रसिद्ध आहे, २०२४ साली युनेस्कोने त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंदही केली. परंतु तिखटाच्या झटक्याखाली त्यात उणिवा झाकल्या जाऊ शकतात. तोम खामध्ये तसे काही लपत नाही. वाटी आली की लगेच प्यायला सुरुवात करू नये. आधी चमच्याने तळ ढवळावा आणि काय वर येते ते पाहावे. गलांगलच्या चकत्या आल्यापेक्षा फिकट, कडक आणि कडेला किंचित गुलाबी असतात. त्यांवर वर्तुळाकार रेषा दिसतात, आणि वासात आल्याच्या उष्णतेपेक्षा मिरी आणि देवदाराचा भास अधिक असतो. त्यासोबत ठेचलेल्या गवती चहाचे बोटभर तुकडे आणि माकरूट लिंबाची पाने असायला हवीत. हे पान ओळखायला अगदी सोपे आहे: एका देठावर एकापुढे एक अशी दोन पाने जोडल्यासारखे ते दिसते. या तिन्ही गोष्टी चावून खायच्या नसतात, त्या वाटीतच राहतात. जेवण संपल्यावर वाटीच्या तळाशी त्यांचा ढीग उरला, तर आपण योग्य ठिकाणी आलो आहोत. तळाशी आल्याचा कीस सापडला, तर त्या सूपचे नाव तोम खा ठेवण्याला काही अर्थ उरत नाही.

ग्रीन करीची परीक्षा करण्यात गोव्यात राहणारा माणूस जगात कोणाहून कमी नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. नारळाचा रस रोज जेवणाऱ्या जिभेला ताजे दूध आणि डब्यातले दूध यांतला फरक सांगावा लागत नाही. आपल्या हुमणात, म्हणजे गोव्याच्या मासळीच्या कालवणात, खोबरे सुक्या मिरच्यांबरोबर वाटले जाते, आंबटपणा चिंचेचा किंवा सोलांचा असतो, आणि तेफळ (तिरफळ) शेवटी पडते. थाई रीतीत ओल्या हिरव्या मिरच्या, गलांगल, गवती चहा, लसूण, कोथिंबिरीची मुळे आणि कपि नावाची आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असे वाटण करतात. मग नारळाचे घट्ट दूध कढईत तेल सुटेपर्यंत आटवून त्यात ते वाटण परततात आणि पातळ दूध मागाहून घालतात. म्हणून चांगल्या ग्रीन करीच्या पृष्ठभागावर हिरवट तेलाचे बारीक थेंब चमकत असतात, आणि रस्सा भातात सहज झिरपतो. करी पांढऱ्या सॉससारखी एकजीव, गुळगुळीत आणि चमच्याला चिकटणारी असेल, तर तिच्यात कॉर्नफ्लोअर घातले आहे असे खुशाल समजावे. कपिच्या वासाला नवख्याने बिचकू नये. सुकवलेल्या बारीक जवळ्याला गोव्यात गालमो म्हणतात. तो भाजताना घरभर पसरणारा वास ज्याला आवडतो, त्याला कपि परकी वाटणार नाही.

परतलेल्या पदार्थांत बहुतेक जण पॅड थाई मागवतात. हा पदार्थ फार प्राचीन नाही. पंतप्रधान पिबुनसोंगक्राम यांच्या सरकारने १९३०-४०च्या दशकांत, देशाचे नाव सयामचे थायलंड झाले त्या काळाच्या आसपास, तो राष्ट्रीय पदार्थ म्हणून पुढे आणला. त्याचा आंबटपणा चिंचेचा आणि गोडवा ताडगुळाचा असतो, म्हणून त्याचा रंग तपकिरी असावा. नूडल्स लालभडक किंवा नारिंगी दिसल्या, की टोमॅटो केचप वापरले आहे.

मी स्वतः मात्र पॅड कप्राओ मागवतो. बारीक कुटलेले चिकन किंवा डुकराचे मांस, मिरची, लसूण आणि कप्राओची मूठभर पाने प्रखर आचेवर परतून भातावर घालतात, आणि वर कडा कुरकुरीत केलेले तळलेले अंडे ठेवतात. कप्राओ ही तुळसच आहे, आपल्या वृंदावनातल्या तुळशीच्याच जातीची. ज्या घरात तुळशीला रोज पाणी घातले जाते, त्या घरातल्या माणसाला ती मांसाबरोबर खाणे रुचणार नाही, हे अगदी स्वाभाविक आहे. अशांनी 'होरापा' या दुसऱ्या पानाचा पदार्थ मागावा. ते सब्जाच्या झाडाच्या कुळातले असून त्याला बडीशेपेसारखा गोडसर वास असतो. दोन्ही पानांतला फरक वाढणाऱ्याला माहीत असणे, ही रेस्टॉरंटची मोठी जमेची बाजू समजावी.

जेवताना ध्यानात घ्यायच्या काही गोष्टी

थाई माणसे भात चमचा आणि काट्याने खातात. काट्याने घास चमच्यात लोटायचा आणि चमचा तोंडात घालायचा. चॉपस्टिक्स मुख्यतः नूडल्ससाठी असतात. भाताबरोबर न मागता चॉपस्टिक्स मांडल्या गेल्या, तर तेथे सजावटीचा विचार अधिक झालेला असतो. टेबलावर साखर, मिरचीपूड, मिरच्या घातलेला फिश सॉस आणि मिरच्या घातलेला व्हिनेगर अशा चार वाट्या आल्या, तर मला फार आनंद होतो, कारण नूडल्सचा तोल खाणाऱ्याने स्वतः साधायचा असतो, ही तिकडची खरी रीत आहे.

कच्च्या पपईचे सोम ताम मागवलेच, तर स्वयंपाकघराकडे कान द्यावा. ते मातीच्या खलात लाकडी बत्त्याने हलके ठेचत करायचे असते. नुसते वाडग्यात कालवले, तर लिंबाचा रस आणि फिश सॉस पपईत शिरत नाहीत. सुकूरच्या एका जुन्या घराच्या बलकांवात, म्हणजे ओसरीवर, मांडलेल्या टेबलांपाशी मी पहिल्यांदा बसलो होतो, तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता, आणि मागणी दिल्यानंतर दोनच मिनिटांत आतून 'टप्‌ टप्‌ टप्‌' असा बत्त्याचा आवाज येऊ लागला. ताट समोर येण्याआधीच माझी खात्री पटली होती, आणि ती खरी ठरली.

शेंगदाण्याची किंवा कोळंबी-शिंपल्यांची ॲलर्जी असेल, तर बसल्याबरोबर स्पष्ट सांगावे. पॅड थाई, मस्सामान, साते आणि सोम ताम या सर्वांत शेंगदाणे असतात.

शिवराक जेवणाऱ्यांसाठी

सोमवारी, गुरुवारी किंवा श्रावणात शिवराक असणाऱ्यांनी, म्हणजे मांस-मासळी वर्ज्य करणाऱ्यांनी, तसेच पूर्ण शाकाहारी असणाऱ्यांनी, येथे फार सावध राहावे. मेनूवर 'व्हेज ग्रीन करी' लिहिलेले असले, तरी त्यातील पेस्टमध्ये कपि आणि मिठाच्या जागी फिश सॉस असू शकतो. वाढणाऱ्याच्या दृष्टीने त्यात मासळीचा तुकडा नाही, म्हणजे ते शाकाहारी. त्याचा हेतू वाईट नसतो. माझ्या आईसाठी आम्ही एकदा अशीच करी मागवली. ती अर्धी खाऊन झाल्यावर पेस्टमध्ये कोळंबी असल्याचे कळले, आणि त्या दिवशी तिचा उपास होता. तिने कोणाला दोष दिला नाही, पण मला ते अजून लागून राहिले आहे. तेव्हापासून मी 'व्हेज आहे का' असे विचारत नाही. 'पेस्टमध्ये कोळंबी आहे का, आणि मीठ घालता की फिश सॉस?' असे नेमके विचारतो. शाकाहारी पेस्ट वेगळी वाटून ठेवणारी ठिकाणे आहेत. ती सापडली, की जपावीत.

घरी मागवायचे असल्यास

हणजूणहून सुकूरपर्यंत डबा यायला पाऊण तास सहज लागतो, आणि पर्वरीच्या महामार्गावर कोंडी असली तर त्याहून अधिक. रस्सा हा प्रवास उत्तम सोसतो. पॅड थाईचा गोळा होतो, सोम तामला पाणी सुटते, तळलेले पदार्थ मऊ पडतात. म्हणून घरी फक्त करी आणि सूप मागवावे, भात घरीच शिजवावा, आणि करी उकळू न देता मंद आचेवर गरम करावी. रेस्टॉरंटमध्ये बसून जेवलात आणि बिलावर सेवाशुल्क लावलेले आढळले, तर ते देणे ग्राहकावर बंधनकारक नाही, हे माहीत असावे. जेवण आवडले, तर मी तेवढीच रक्कम हाताने वाढणाऱ्याला देतो.

गोडाविषयी

थायलंडमधील 'फोय थोंग' नावाची अंड्याच्या बलकाची सोनेरी शेवयांसारखी मिठाई पोर्तुगीज परंपरेतून तेथे गेली. गोवा घेतल्यानंतर पुढच्याच वर्षी, १५११ साली, पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कने मलाक्का जिंकले आणि तेथून सयामची तेव्हाची राजधानी अयुथया येथील दरबारी आपला दूत पाठवला; त्या संबंधांची ही गोड खूण. आपल्याकडील रेस्टॉरंटांत ती क्वचितच मिळते. मिळतो तो आंबा आणि चिकट भात. हा तांदूळ निराळ्या जातीचा असतो. तो काही तास भिजवून, पाण्यात न शिजवता वाफेवर करतात आणि मग गोड, किंचित खारट नारळाच्या दुधात मुरवतात. एप्रिल-मे महिन्यांत मानकुराद आंबा बाजारात आला, की आदल्या दिवशी फोन करून, आंबा मानकुरादच घाला आणि तांदूळ आजच भिजवा, असे सांगून ठेवावे. भात कोमट असतानाच तो खावा. फ्रीजमधून काढलेला आणि दाताखाली कडक लागणारा भात आला, तर तो नम्रपणे परत पाठवून पुन्हा वाफवून मागावा.